रॅम्पवरचे कपडे आणि आपली शनिवारची रात्र

दिवसभर कोड लिहिणारा माणूस आज कपड्यांवर बोलणार आहे. हसू नका! ऑफिसला जो टी-शर्ट, तोच शनिवारी रात्री, असं तुमच्यातल्या किती जणांचं होतं ते आधी सांगा. ज्यांना वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून दिलाय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" बरेच गाळलेत.

सुरुवात माझ्या फजितीपासून.

जुलै २०२५. माझा रूममेट नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता. त्याची शेवटची पार्टी पुण्यातल्या एका रूफटॉप बारमध्ये होती. त्याच्या आधी जूनमध्ये मिलानला प्राडाचा मेन्स शो झाला होता आणि मॉडेल्सच्या पायात चक्क आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला होत्या. सुरुवातीला कोल्हापूरचं नावच नव्हतं. इथून टीका झाल्यावर प्राडाने मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. ते फोटो बघून मला जोर चढला. म्हटलं, मिलानवाले जे मिरवतायत ते आपल्या शू-रॅकमध्ये पडलंय की! सैल काळी पँट, वर तितकाच सैल शर्ट आणि पायात बाबांनी आणलेली कोल्हापुरी.

दारातच बाउन्सर म्हणाला, "सर, चप्पल चालत नाही." मी मोबाईल काढून त्याला रॅम्पचा फोटो दाखवला. त्याने तो नीट बघितला आणि म्हणाला, "भारी आहे सर. पण बूट पाहिजेत." मग मित्राच्या गाडीतले जिमचे बूट, एक नंबर मोठे, घालून आत गेलो. आमचा सगळ्यांचा शेवटचा ग्रुप फोटो त्याच रात्रीचा आहे. त्यात मी पाय दिसू नयेत म्हणून सगळ्यात मागे उभा आहे.

बरेच दिवस मला बाउन्सरचा राग होता. नंतर लक्षात आलं, चूक माझीच होती. मी रॅम्पवरून वस्तू उचलली, तिच्यामागची कल्पना नाही.

रॅम्प म्हणजे डेमो

आपण क्लायंटला डेमो दाखवतो तेव्हा काय करतो? एकच फीचर मोठं करून दाखवतो. रॅम्पवर तेच चालतं. मॉडेल काही सेकंद दिसणार, तेवढ्यात लांबून कल्पना कळायला हवी, म्हणून सगळं वाढवलेलं असतं. एडी स्लिमान २००० ते २००७ या काळात डिओरचे पुरुषांचे कपडे करत होता. त्याने सूट इतका अरुंद केला की कार्ल लागरफेल्डसारख्या डिझायनरने तो अंगात बसावा म्हणून ४० किलोच्या आसपास वजन उतरवलं. २०१६ मध्ये बॅलेन्सिआगाच्या पहिल्या मेन्स शोमध्ये डेम्नाने नेमकं उलट केलं. खांदे दाराएवढे रुंद! तो कोट घालून कोण रिक्षात बसणार? पण "खांदा सैल, कापड मोकळं" ही कल्पना मात्र आज तुमच्या ओव्हरसाइज टी-शर्टमध्ये आहे.

म्हणून फोटो बघताना एकच प्रश्न विचारा: इथे नक्की काय बदललंय? आकार, कापड, रंग की पायातलं?

३ टक्क्यांचा नियम

आता आपल्या बिरादरीतला माणूस. व्हर्जिल ॲब्लो. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, मग आर्किटेक्चर, आणि २०१८ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत लुई व्हिताँच्या मेन्स विभागाचा प्रमुख. तो म्हणायचा, असलेल्या वस्तूत ३ टक्के बदल केला तरी पुरतं. म्हणजे सगळं कोड फेकून नव्याने लिहू नका, चालणाऱ्या कोडमध्ये एक नेमका बदल करा. तुमची नेहमीची जीन्स आणि शर्ट हा चालणारा कोड. एका रात्रीसाठी त्यातली एकच गोष्ट बदला.

आकार. सध्या रुंद पँट चालतेय. ती घ्या, पण वरचं आटोपशीर ठेवा. शर्ट खोचा, म्हणजे कंबर कुठे आहे ते कळेल. त्या रात्री माझं वरचंही सैल, खालचंही सैल; रॅम्पवरच्या सहा फुटी मुलावर ठीक, मी तंबू दिसत होतो. टेलरकाकांना सांगा, "मांडीला सैलच राहू दे, फक्त कंबर आणि उंची बघा." पँट बुटाला टेकावी, रस्ता झाडू नये. आणि ट्रायलला जाताना त्या रात्री घालायचे तेच बूट घालून जा.

कापड. जॉर्जिओ अर्मानीने १९७० च्या दशकात जॅकेटमधलं अस्तर आणि पॅडिंग काढून टाकलं. १९८० च्या 'अमेरिकन जिगोलो'मध्ये रिचर्ड गिअरच्या अंगावर ते जगाने बघितलं. आपल्या मुंबईच्या घामाला याहून चांगला उपाय नाही. बिनअस्तराचं लिननचं जॅकेट किंवा शर्टावर उघडा घातलेला दुसरा जाड शर्ट बघा. मंद उजेडात गडद रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून एक गोष्ट थोडी चमकणारी असू दे, सॅटिनचा शर्ट वगैरे. एकच हं. दोन झाल्या की लग्नातला बँडवाला!

पाय. जागेचे नियम आधी फोन करून विचारा. बंद लोफर्स बहुतेक ठिकाणी चालतात. कोल्हापुरी घरच्या पार्टीला, संगीतला, गच्चीवरच्या मैफलीला घाला, बिनधास्त. फक्त पावसात नको, चामडं भिजलं की संपलं. तेही मी जुलैत केलं होतं! आणि घेणार असाल तर कारागिराकडची घ्या. २०१९ मध्ये या चपलेला जीआय टॅग मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तिला मिलानच्या शिक्क्याची गरज नव्हती, मलाच होती.

निघण्याआधी टेस्टिंग

आरशासमोर उभं राहून उपयोग नाही. खुर्चीत बसा, हात वर करा, जिना चढा, बाईकवर बसा. पाच मिनिटांत तीनदा शर्ट ओढावा लागला, तर तो घरी ठेवा. बाहेर गेल्यावर कपड्यांची आठवण येऊ नये, समोरच्या माणसांकडे लक्ष राहावं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

तो मित्र डिसेंबरात सुट्टीला येतोय. जागा ठरलीय आणि बुटांचं मी आधीच विचारून ठेवलंय. या वेळी फोटोत पुढे उभा राहणार.

तुम्ही कोणती एक गोष्ट बदलणार? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!