कितींपैकी किती, आणि पुढे काय?

आपल्यापैकी बहुतेकांची खेळाशी ओळख क्रिकेटच्या आकड्यांतून झाली. धावा, बळी, सरासरी ऐकली की डाव डोळ्यांसमोर उभा राहतो. फुटबॉलचे तसे नाही. नव्वद मिनिटांत गोल होणार दोन-तीन; मग उरलेला खेळ मोजायचा कसा? इंग्लंडमध्ये मुलीला दर रविवारी मैदानावर नेताना मला हा प्रश्न पडू लागला.

या प्रश्नामागे चिकाटीने लागलेले गृहस्थ म्हणजे चार्ल्स रीप. हवाई दलातले अधिकारी, शिक्षणाने हिशेबनीस. 18 मार्च 1950 रोजी स्विंडन टाउनचा सामना पाहताना मध्यंतरानंतर त्यांनी वही काढली आणि हल्ले नोंदवायला सुरुवात केली. शेकडो सामन्यांच्या नोंदींनंतर 1968 मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्या नोंदींनुसार सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर झाले होते. यावरून रीप यांनी सल्ला दिला, की पास करीत बसू नका. चेंडू लांब मारा आणि लवकर गोलासमोर पोचा. इंग्लंडमधल्या अनेक प्रशिक्षकांना तो पटला.

यात चूक कुठे झाली? समजा, दादरच्या एका कचेरीत शंभर माणसे आहेत. 92 लोकलने येतात, 8 बसने. एके दिवशी दहा जणांना लेटमार्क लागला. त्यांतले आठ लोकलवाले. म्हणजे दोष लोकलचा? मुळीच नाही. लोकलवाल्यांत साधारण अकरा-बारांमागे एकाला उशीर झाला, बसवाल्यांत मात्र चारांमागे एकाला. रीप यांच्या नोंदींतही तसेच होते. मुळात नव्वद टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा कमी पासांतच संपत होत्या. उरलेल्या, दहा टक्क्यांहूनही कमी अशा लांब चालींतून सुमारे 20 टक्के गोल आले होते! ‘कितींपैकी?’ हे विचारायचे राहिले आणि निष्कर्ष उलटा निघाला.

म्हणून पास वाढवले की विजय ठरलेला, असेही नाही. 1 जुलै 2018 रोजी विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास केले. सामना 1-1 असा बरोबरीत राहिला आणि स्पेन पेनल्टींवर हरला. स्पेनच्या नावावरचा गोलही रशियन खेळाडूने केलेला स्वयंगोल होता. उलट 2015-16 मध्ये लेस्टर सिटीने चेंडू बहुधा प्रतिस्पर्ध्याकडे राहू दिला आणि तरी 81 गुणांनी प्रीमियर लीग जिंकली. पास कुठून कुठे गेला आणि त्यातून पुढे काय झाले, हे कळल्याशिवाय पासांची संख्या मुकीच असते.

ड्रिब्लिंगचे, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याचे गणित आणखी फसवे. चेंडू गमावण्याचा धोका त्यात जास्त. पण एक बचावपटू चकला, की दुसऱ्याला आपली जागा सोडून धावावे लागते आणि आपला कोणीतरी मोकळा होतो. लेस्टरच्या रियाद महरेझने त्या हंगामात लीगमध्ये 17 गोल केले आणि 11 गोलांना साहाय्य केले. चेंडू जाईल या भीतीने तो मागेच पास देत राहिला असता, तर?

हे शहाणपण मला उशिरा सुचले. मुलगी अकरा वर्षांची असताना एका सामन्यात मी वही घेऊन बसलो. आठ वेळा तिने चकवण्याचा प्रयत्न केला, पाच वेळा चेंडू गेला. परतताना गाडीत मी म्हणालो, “आठातले पाच घालवलेस.” ती खिडकीबाहेर पाहत राहिली. पुढच्या रविवारी तिने एकदाही प्रयत्न केला नाही. चेंडू आला, की मागे पास. वहीप्रमाणे जवळजवळ सगळे पास अचूक होते. मात्र आमच्या संघाला गोलाची एकही संधी मिळाली नाही.

रात्री मी आधीचे पान पुन्हा काढले. तिच्या यशस्वी तीन प्रयत्नांतूनच त्या दिवशीचे आमचे दोन्ही गोल झाले होते. पण ‘पुढे काय झाले’ हा रकाना मी वहीत आखलाच नव्हता. सकाळी न्याहारीच्या टेबलावर ती वही उघडून मी तिच्यापुढे ठेवली आणि माझी चूक कबूल केली.