चार पायांचा कोळी

बोळिंजच्या एखाद्या वाडीत गळलेला कोवळा नारळ सापडला, तर त्याच्या देठाची टोपी काढून पाहा. टोपीच्या कडेपासून खाली उतरणारा फिकट त्रिकोणी डाग, किंवा पुढे त्याचीच झालेली भेगाळ तपकिरी साल दिसली, तर एका प्राण्याचा संशय घ्यावा. त्याची लांबी अवघी पाव मिलिमीटर! चांगल्या भिंगाखाली तो पांढुरक्या भुकटीसारखा दिसतो.

हा कीटक नव्हे. नारळाचा गेंड्या भुंगा कीटक आहे. त्याला सहा पाय. शेतीच्या पुस्तकांत या प्राण्याला 'कोळी' म्हणतात, पण जाळे विणणाऱ्या कोळ्याचा तो दूरचा नातेवाईक. त्या साऱ्या गोतावळ्याला सहसा आठ पाय, आणि याला मात्र चारच! याच्या कुळात मागच्या दोन जोड्या नसतातच. नुसते पाय मोजणारा येथे फसेल.

मेक्सिकोतील ग्वेरेरो प्रांतातल्या नमुन्यांवरून अमेरिकन शास्त्रज्ञ कायफर यांनी १९६५ मध्ये त्याला 'असेरिया ग्वेरेरोनिस' हे नाव दिले. भारतात तो १९९८ मध्ये केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला. पुढे कोकणातही आला. वाऱ्यावर तो सहज पसरतो.

गंमत अशी, की नारळ मुळात अमेरिकेचा नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत या कोळ्याची सर्वाधिक विविधता अमेरिका खंडात आढळली; आशिया-आफ्रिकेतले नमुने जवळजवळ एकसारखे निघाले. म्हणजे तो बहुधा तिकडच्या दुसऱ्या एखाद्या ताडवर्गीय झाडावर होता, आणि नारळ तेथे पोहोचल्यावर त्यावर आला.

वरून फवारलेले औषध टोपीखाली फारसे पोहोचत नाही. याला खाणारे काही चपट्या अंगाचे कोळी मात्र त्याच फटीतून आत शिरतात.