डोळ्यात फेस, घशात घरघर

सकाळी डालगं उचलल्यावर एखादी कोंबडी डोळा मिटून बसलेली दिसली, तर कचरा गेला असेल म्हणून सोडून देऊ नका. नाकाशी जोडलेली पोकळी डोळ्याखालीच असते. तिथे स्राव साठला की सूज डोळ्यावर येते. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, शिंका आणि रात्रीची घरघर असेल तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्यावा. हा जंतू अंड्यातून पिल्लातही उतरतो. म्हणून बऱ्या झालेल्या कोंबडीचीही अंडी उबवणीला ठेवू नयेत. चेहरा सुजून नाकाला दुर्गंधी येते ती बहुधा कोरायझात. पापणीआड पनीरासारखा गोळा साचला तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शेवग्याचा पाला खायला द्यावा.

पावसाळ्यात मात्र आधी खुराडं हुंगा. ओल्या तुसातल्या अमोनियाने उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतात, मग जमिनीलगत श्वास घेणाऱ्या जिवाचे काय हाल होत असतील!

मान वाकडी, हिरवी हगवण, भराभर मरतूक ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं. तिच्यावर औषध नाही. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. एकाएकी पक्षी मरू लागले तर बर्ड फ्लूचीही शक्यता असते. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.