अर्धी चिंच

पहाटे 5.30
एप्रिलातलं अवकाळी वावधन रात्री मोझरीवरून गेलं. धुऱ्यावरची जुनी चिंच अर्धी मोडली. तिकडे गुरुकुंज आश्रमात सामुदायिक ध्यान सुरू होतंय, इकडे झाडं कापायच्या मशीनवाले दादा निघालेत. डबकीत लिटरभर पेट्रोल, त्यात टू-टी ऑइल. मजुरी ठरली 1200. पेट्रोल, ऑइल, साखळीला धार, सगळं त्यातच.

6.15
मोडल्या फांद्यांखाली फळखाऊ वटवाघळं पडलेली. बरीच मेलेली. एक मादी जिवंत आहे, पोटाला पिल्लू चिकटलेलं. दादांनी मशीन खाली ठेवली.
"पयले यायले पाहू, मंग कापू."
जमिनीवरून तिला उडता येत नाही, उंचावर लटकावं लागतं. दादांनी वेळूला पोतं गुंडाळून पुढे धरलं. उघडा हात लावायचा नाही, चावलं तर रेबीजची भीती. मादीने आधी अंगठ्याची नखी पोत्यात रुतवली, मग पायांची नखं. वेळू हळूहळू उभ्या फांदीपर्यंत गेला. तिने फांदी धरली.

10.00
मालक आले. "भाऊ, पुरीच पाडा. सावलीत पऱ्हाटी होत नाही."
"पिल्लं हायेत, मालक. उभी राहू द्या."
हुज्जत झाली. अर्धी चिंच राहिली, मजुरी 900 वर आली.

दुपारी 1.00
भाकर, ठेचा, कांदा. ऊन चढलंय. उरलेल्या सावलीत वाघळं पंखांनी वारा घेताहेत. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे वादळात गेलेली संख्या लवकर भरत नाही. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर 1979 च्या चक्रीवादळानंतर तिथली फळवाघळं शंभराच्याही आत आली होती. आपल्याकडे समुद्र नाही, पण एक जुनं झाड पडलं तर दुसरं तेवढं जुनं शिवारात कुठे आहे?
1972 च्या वन्यजीव कायद्याने फळवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. वड, उंबर, जांभळाच्या बिया रात्रभर दूर नेऊन टाकणारा जीव उपद्रवी कसा?

4.30
ओंडके ट्रॉलीत भरले. 900 हातात. पेट्रोल-ऑइलचे दोनशेच्या वर गेले.

6.50
गुरुकुंजात प्रार्थनेची वेळ. वाघळं चाऱ्याला निघाली. दादा मशीनची साखळी पुसताहेत.

वादळानंतर खाली पडलेलं वाघूळ दिसलं तर हात लावू नका, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. आणि झाड अर्धं उरलं असेल तर पिल्लं उडती होईपर्यंत तरी त्याला मशीन लावू नका.