दोन पिनांची केबल

‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड.’ हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना मिळवून पहिला हँडी (हातात मावणारा सेट) घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला लॅपटॉपवर हे वाक्य कधी ना कधी भेटतंच. हँडी चालू असतो, लॅपटॉप चालू असतो, केबल दोन्हीकडे लावलेली असते, आणि तरी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी नवखा माणूस हँडी बिघडला असं धरून चालतो. बहुतेक वेळा हँडी ठणठणीत असतो. दोष मधल्या केबलमध्ये, तिच्या चिपमध्ये किंवा चिपच्या ड्रायव्हरमध्ये असतो. क्रमाने शोधलं तर तो घरच्या टेबलावरच सापडतो.

या केबलची गरज का पडते, हे आधी पाहू. बाओफेंगचा यूव्ही-५आर हा २०१२ च्या सुमारास बाजारात आलेला चिनी हँडी. स्वस्त असल्याने जगभरच्या नव्या हॅमच्या हातात तोच गेला. त्यात १२८ चॅनेल साठवता येतात. कीपॅडवरूनही चॅनेल भरता येतं, पण रिपीटरचं, म्हणजे आलेला संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राचं, एक चॅनेल भरायचं म्हणजे ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, बोलण्याची फ्रिक्वेन्सी आणि सोबतचा टोन असं सगळं मेनूत शिरून एकेक करून घालावं लागतं. एक आकडा चुकला की रिपीटर उघडत नाही. चॅनेलला नाव द्यायचं तर कीपॅडवरून ते जमतच नाही, तिथे संगणकच लागतो. नावाला जागा फक्त सात अक्षरांची, तीही इंग्रजी लिपीत. ‘सोलापूर’ त्यात बरोबर मावतं, ‘पंढरपूर’ला काटछाट करावी लागते.

सोलापुरी चादर विणणाऱ्या जकार्ड मागाला यंत्राला बाहेरून काम सांगण्याची ही रीत नवी नाही. तिथे नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठे बदलले की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. हँडीतही यंत्र तेच राहतं, संगणकावर तयार केलेली चॅनेलची यादी केबलमधून आत जाते आणि हँडीचं काम ठरवते.

आता केबल हातात घेऊन पाहू. एका टोकाला यूएसबी. दुसऱ्या टोकाला काळ्या प्लॅस्टिकच्या एकाच ठोकळ्यात शेजारी शेजारी दोन पिना, एक ३.५ मिलिमीटरची आणि दुसरी २.५ मिलिमीटरची. ही केनवूडच्या हँडींची मांडणी, पुढे अनेक चिनी कंपन्यांनी तीच उचलली. दिसायला ती साधी वायर वाटते, पण यूएसबीच्या टोकातल्या फुगीर भागात एक चिप बसवलेली असते. लॅपटॉपची यूएसबी आणि हँडीतली जुन्या वळणाची सिरियल भाषा यांच्यामधली ही दुभाषी. जुन्या संगणकांच्या सिरियल पोर्टवर अधिक-उणे १२ व्होल्टपर्यंत दाब असे. हँडीच्या आतलं काम मात्र तीन ते पाच व्होल्टवर चालतं. म्हणून संगणकाच्या दुकानात मिळणारी कुठलीही सिरियल केबल कापून हँडीला जोडायची नसते.

एकदा सोलापूरच्या सात रस्त्याला ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचा गलबला चालू असताना मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत एका नव्या परवानाधारक पोराबरोबर बसलो होतो. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं.

“काका, सेटच गेला वाटतं.”

“सेट कुठं जातोय? पिन पूर्ण बसलीय का बघ की.”

“बसलीय की.”

“आवाज करून बसली का? दाब अजून जरा.”

त्याने अंगठ्याने जोर दिला, ‘टक्’ झालं, आणि पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकू लागली. पिनांभोवतीचा प्लॅस्टिकचा ठोकळा हँडीच्या कडेला अडतो आणि पिना मिलिमीटरभर बाहेर राहतात. नजरेला ते कळत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात इथूनच करायची. जोर देऊनही पिना बसत नसतील, तर ठोकळ्याची कड धारदार पातीने थोडी तासायची, हा हॅम मंडळींचा जुना उपाय आहे. केबल लावताना हँडी बंद ठेवायचा, मग चालू करायचा, आवाज निम्म्यापर्यंत वाढवायचा आणि जिथे कुणी बोलत नाही अशा फ्रिक्वेन्सीवर तो ठेवायचा. बॅटरी भरलेली हवी. वाचन चालू असताना बॅटरी मान टाकते तेव्हाही दोष केबलच्याच माथी येतो. केबल लावताच हँडीचा लाल दिवा लागला, तर तो आपोआप ट्रान्समिटला गेलाय असं समजावं. बोलायचं बटण आणि डेटा एकाच तारेवरून जातात, त्यामुळे असं होतं. लगेच हँडी बंद करून जोडणी पुन्हा करावी.

पिना नीट बसल्यावरही गाडी पुढे सरकत नसेल, तर संगणकाकडे वळायचं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, केबल काढायची, पुन्हा लावायची आणि यादीत काय बदलतं ते पाहायचं. काहीच बदललं नाही, तर केबल मेलेली आहे किंवा यूएसबीचं तोंड बिघडलंय. नवा कॉम पोर्ट दिसला, तर त्याचा नंबर टिपून सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडायचा. ब्लूटूथचेही कॉम पोर्ट त्याच यादीत असतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो. आणि पिवळा त्रिकोण दिसला, तर अडचण ड्रायव्हरची.

या पिवळ्या त्रिकोणामागे मोठा इतिहास आहे. स्वस्त केबलमध्ये बरेचदा तैवानच्या प्रॉलिफिक कंपनीच्या पीएल-२३०३ चिपची नक्कल किंवा तिची जुनी आवृत्ती असते. नक्कल रोखायला कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये अशा चिप नाकारायला सुरुवात केली. विंडोज ११ वर तर ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराला भेटा, असा मजकूरच चिपच्या नावाच्या जागी दिसतो. त्यावर उपाय म्हणजे जुना ड्रायव्हर हाताने निवडणं, आणि विंडोजच्या अपडेटने तो पुन्हा बदलला तर पुन्हा निवडणं. २०१४ मध्ये ब्रिटनच्या एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने तर नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला आणि जगभर चालत्या केबल एका अपडेटनंतर मुक्या झाल्या. पदरमोड करून केबल घेणाऱ्याला आपल्या केबलमध्ये नक्कल आहे हे माहीतही नसतं. अस्सल एफटीडीआय चिपची केबल थोडी महाग पडते, पण या कटकटीतून सुटका करते. सीएच-३४० चिपची केबलही बहुधा बिनतक्रार चालते. लिनक्सवर ड्रायव्हरचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे आपलं खातं ‘डायलआउट’ गटात आहे का, एवढं पाहायचं.

चिप बरोबर, पोर्ट बरोबर, पिना घट्ट, मग हँडी आणि लॅपटॉप एकमेकांशी काय बोलतात? या कामासाठी हॅम मंडळी ‘चर्प’ हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर वापरतात. अमेरिकेतल्या डॅन स्मिथ या हॅमने ते सुरू केलं. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी त्यात शेकडो सेटची भर घातली. यूव्ही-५आरला हाक मारताना चर्प सात बाइट पाठवतं. त्यांतले शेवटचे चार २०, १२, ०७, २५ असे असतात, तारीख वाटावी असे. हँडीने ही हाक ओळखली की तो एकच बाइट परत देतो. मग सॉफ्टवेअर ६४-६४ बाइटचे तुकडे वाचत जातं आणि लिहिताना १६-१६ बाइटचे तुकडे पाठवतं. वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे आजच्या मानाने गोगलगाईचा. पण त्यात प्रत्येक तुकड्याची पोच घेतली जाते. सेटचं मॉडेल चुकीचं निवडलं, तर हाकच वेगळी जाते आणि हँडी गप्प राहतो. त्यामुळे ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’ या एका वाक्याआड पिन, बॅटरी, पोर्ट, ड्रायव्हर आणि मॉडेल अशी निदान पाच कारणं दडलेली असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा पाहायचं. दोन एकदम बदलल्या, तर दोष कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

जोडणी जमली की लगेच चॅनेल भरायला घेऊ नये. आधी हँडीतलं सगळं वाचून ती फाइल तारीख घालून जपून ठेवावी. सेटच्या कारखान्यातल्या काही मांडण्याही तिच्यात असतात. मित्राच्या सेटची अख्खी फाइल आपल्या सेटमध्ये ढकलू नये, वरून एकसारख्या दिसणाऱ्या सेटच्या आतल्या आवृत्त्या वेगळ्या असू शकतात. मित्राकडून फक्त चॅनेलची यादी घ्यावी.

केबलबरोबर जबाबदारीही येते. हे हँडी हॅमच्या पट्ट्याबाहेरही बोलू शकतात. भारतात हॅमला व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, पण हा सेट १३६ ते १७४ पर्यंत पोचतो. त्याच टापूत रेल्वेसारख्या इतर सेवाही चालतात आणि सोलापूर तर मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. एका चुकलेल्या आकड्याने कुणाच्या तरी कामाच्या बोलण्यात आपण घुसू शकतो. म्हणून जे चॅनेल फक्त ऐकायचं आहे, उदाहरणार्थ अंतराळ स्थानकाचं १४५.८००, तिथे चर्पमध्ये ‘डुप्लेक्स’च्या रकान्यात ‘ऑफ’ निवडावं, म्हणजे बटण दाबलं तरी सेट बोलणार नाही. परवान्याशिवाय हा सेट वापरणं गुन्हा आहे. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते आणि अर्ज केंद्राच्या सरलसंचार पोर्टलवरून करता येतो. विनापरवाना सेटच्या ऑनलाइन विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती योग्यच होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, तेव्हा धक्का सोलापुरातही जाणवला. अशा आपत्तींत तारा तुटतात आणि हॅमचे बिनतारी संदेश कामी येतात. २००४ च्या त्सुनामीत अंदमानहून संदेश पोचवणाऱ्या भारती प्रसाद यांचं काम देशाने पाहिलं. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं जमतात तेव्हा मोबाइलवर किती ताण येतो, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पण अशा वेळी उपयोगी पडायचं तर हँडीत योग्य चॅनेल आधीच भरलेली हवीत. संकटाच्या रात्री ड्रायव्हर शोधत बसता येत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक हॅमने शांत दिवसांतच केबल तपासावी, तिच्यावर चिपचं नाव आणि चालणाऱ्या ड्रायव्हरची आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी आणि जिल्ह्याची चॅनेल यादी सगळ्यांकडे एकसारखी आहे ना हे दर सहा महिन्यांनी पडताळावं. त्यासाठी फार पैसा लागत नाही. एक दुपार आणि थोडी शिस्त पुरते.