तुमचं लेखन राहतं कुठे?

१८ ऑगस्ट जवळ आला की आमच्या देवगड तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी तिथूनच दुर्बीण लावली होती, वगैरे. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतातसुद्धा. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. फक्त तारखा जुळत नाहीत. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर भारतात नव्हतेच. ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी. लॉकयर यांनी आपलं निरीक्षण त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच केलं. विजयदुर्गला ते आले खरे, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. सोबत मेलपोमेनी या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. त्या मोहिमेचा अहवाल रॉयल सोसायटीने छापलेला आहे. त्यात किल्ल्याचं नाव 'विझियाद्रुग' असं पडलंय, त्यामुळे 'विजयदुर्ग' टाकून शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे सगळं मी एका मोठ्या समाजमाध्यमावर सविस्तर लिहिलं. दोन दिवस खूप लोकांनी वाचलं. पुढच्या ऑगस्टला तोच मेसेज पुन्हा आला, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "तुझा ता लिवलेला खंय गावतला रे?" मी शोधायला बसलो. ज्या ग्रुपमध्ये टाकलं होतं तो ग्रुपच बंद झालेला. माझ्याकडे प्रत नव्हती. चुकीच्या गोष्टीला हजार पत्ते आणि दुरुस्तीला एकही नाही, अशी गत.

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर हा प्रश्न आजच स्वतःला विचारा. टिपणं, भाषणांच्या स्लाइड, छोट्या दुरुस्त्या, पुस्तक-परीक्षणं हे सगळं जर्नलमध्ये जात नाही. मग ते राहतं कुठे? ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. त्यावर ज्यांनी मन लावून लिहिलं त्यांचे दुवे मेले. छापील संशोधनही यातून सुटलेलं नाही. २०१४ साली प्लॉस वनमध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की विज्ञानातल्या दर पाच लेखांपैकी एकात दिलेले वेब-दुवे एकतर उघडत नाहीत किंवा तिथला मजकूर बदललेला असतो.

यावर उपाय म्हणून 'इंडीवेब' नावाची एक चळवळ आहे. तिचं पहिलं शिबिर २०११ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला झालं. म्हणणं साधं आहे: आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करा, मग त्याचा दुवा इतरत्र पसरवा. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून याला 'पॉसी' म्हणतात. आमच्याकडे बागायतदार पेटी वाशीला पाठवतो, पण कलम आपल्याच बागेत ठेवतो ना, तसंच.

सुरुवात डोमेनपासून करा. डोमेन विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. दरवर्षी साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर. नोंदणी करताना विद्यापीठाचा ईमेल देऊ नका. पदवी संपली की तो बंद होतो आणि नूतनीकरणाची सूचना कुठेच पोचत नाही. मला हौस म्हणून देवनागरी नाव घ्यायचं होतं ('.भारत' २०१४ पासून मिळतं), पण असा पत्ता कॉपी करून ईमेलमध्ये टाकला की बरेचदा 'एक्सएन' ने सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ होते आणि समोरच्याला तो व्हायरस वाटतो. छोटं रोमन नाव घेतलं.

पानं बनवायला ह्यूगो किंवा जेकिल वापरा. लेख साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, त्यातून तयार पानं निघतात आणि गिटहबवर ती फुकट ठेवता येतात. पान हलकं असतं. पावसाळ्यात आमच्याकडे रेंज एका कांडीवर येते तेव्हाही उघडतं. शिवाय कोणतं वाक्य कधी बदललं याचा इतिहास आपोआप राहतो. संशोधकाला आणखी काय हवं? हे जड वाटलं तर वर्डप्रेस घ्या, लाज वाटायचं कारण नाही.

आता खरी गंमत. आपल्या घरात एकटं बसायचं नसेल, तर दुसऱ्यांच्या घरांशी बोलता यायला हवं. त्यासाठी 'वेबमेन्शन' आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०१७ मध्ये ते मानक म्हणून मान्य केलं. समजा तुम्ही तुमच्या साइटवर माझ्या लेखाचं खंडन केलंत. तुमची साइट माझ्या साइटला फक्त दोन पत्ते कळवते: तुमच्या पानाचा आणि माझ्या पानाचा. माझी बाजू तुमचं पान उघडून खरंच तिथे माझा दुवा आहे का ते तपासते आणि मगच नोंद घेते. म्हणजे तुमचं उत्तर तुमच्याच मालकीचं राहतं, माझ्या पानाखाली फक्त त्याची खूण दिसते. स्वतःचा सर्व्हर नसेल तर 'वेबमेन्शन डॉट आयओ' ही सेवा तुमच्या वतीने हे निरोप घेऊन ठेवते.

मॅस्टोडॉनचं नाव ऐकलं असेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज होऊन बरेच भारतीय तिकडे गेले होते. तिथे अनेक स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या समान नियमाने एकमेकांशी बोलतात. चांगली सोय आहे, पण लोक इथे एक चूक करतात: विकेंद्रित म्हणजे आपलं, असं धरून चालतात. सर्व्हर तर दुसऱ्याच कुणाचा असतो. तो बदलला तर अनुयायी नव्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र नेता येत नाहीत. म्हणून मूळ लेख साइटवरच ठेवा. मॅस्टोडॉनवरच्या प्रोफाइलमध्ये साइटचा दुवा द्या आणि साइटवरून 'रेल-मी' ही खूण लावून उलटा दुवा द्या. दोन्ही जुळले की प्रोफाइलवर हिरवी बरोबरची खूण येते. तिथे आलेली उत्तरं 'ब्रिजी' ही सेवा वेबमेन्शन करून परत तुमच्या पानाखाली आणून देते.

यातून वाचक आपोआप मिळतात असं मुळीच नाही. माझ्या साइटवर पहिले चार महिने मी आणि माझी बहीण एवढेच होतो. आणि मुलाखत दिलेल्यांची नावं, अप्रकाशित आकडे, सहलेखकाला न विचारता टाकलेला मसुदा यांतलं काहीही साइटवर टाकू नका. घर आपलं असलं तरी गोष्टी दुसऱ्यांच्या असतात.

विजयदुर्गाचा लेख मी पुन्हा, नव्याने लिहिला. यंदा मेसेज आला तेव्हा ग्रुपवर फक्त दुवा टाकला. आठवड्याने ब्रिजीमार्फत एका विद्यार्थिनीचं उत्तर माझ्या पानाखाली उतरलं: १८६८ मध्ये सापडली ती सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा, हेलियम वायू पृथ्वीवर रॅमसे यांना मिळाला १८९५ मध्ये, आणि तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात कोंबलंय. बरोबर होतं. वाक्य बदललं, खाली दुरुस्तीची तारीख घातली आणि तिच्या पानाचा दुवा दिला.