टेनिसच्या रिप्लेत दिसतं ते कार्टून असतं

ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी या वेळचा एपिसोड इथे लिहून टाकलाय. बोलताना जिथे फार भरकटलो ते कापलंय. थोडं मुद्दाम ठेवलंय.

तुमच्यातले बरेच जण मेसेज करतात की तू एकदा अ‍ॅनिमेशनवर बोलतोस, एकदा टेनिसवर, एकदा टीव्हीवर, एक काय ते ठरव ना. तर आज तिन्ही एकदम. कारण एक गोष्ट अशी आहे जी एकाच वेळी तिन्ही आहे: टेनिसच्या मॅचमध्ये चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर हे दाखवणारा रिप्ले. निळं किंवा हिरवं कोर्ट, वरून पिवळा चेंडू येतो, कॅमेरा त्याच्या मागोमाग खाली झेपावतो, रेषेजवळ लंबगोल डाग उमटतो आणि पाटी येते, 'आउट'. आपण सोफ्यावरून म्हणतो, "हां, दिसला बाहेर!"

दिसला वगैरे काही नाही. ते चित्र कुठल्याच कॅमेऱ्याने टिपलेलं नसतं. ती काही सेकंदांची अ‍ॅनिमेशन फिल्म असते, कॉम्प्युटरने तेवढ्यापुरती काढलेली. मी अ‍ॅनिमेशनचा पंखा आहे, त्यामुळे 'कार्टून' हा शब्द माझ्या तोंडी शिवी नाही. पण कार्टून आहे हे कळून बघणं वेगळं आणि फोटो समजून बघणं वेगळं. माझं भांडण तेवढंच आहे.

आधी गणित करू, सोपं आहे. फोरहँडचा चेंडू ताशी १२० किलोमीटरने येतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतोय. मग एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चेंडू ६६ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. टेनिसच्या चेंडूचा व्यास साडेसहा ते पावणेसात सेंटीमीटर. म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या जागेत दहा चेंडू ओळीने मावतील! आणि चेंडू जमिनीला टेकतो तो काही मिलिसेकंद. तेवढ्यात तो चपटा होतो, थोडा घसरतो आणि उडतो. आणखी वेगवान कॅमेरे लावले तर ही फट कमी होते, पण नेमका टेकण्याचा क्षण चित्रात सापडेलच याची खात्री नाही. म्हणून तो क्षण शोधत बसण्याऐवजी हिशोबाने काढतात.

कसा काढतात? आमच्या कोपर स्टेशनचं उदाहरण घ्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: डोंबिवली आणि दिव्याच्या मधलं हे स्टेशन दुमजली आहे. खालून मध्य रेल्वेच्या लोकल जातात आणि वरून वसई-दिवा मार्ग, त्याला सगळे अप्पर कोपर म्हणतात. आता समजा आकाशात एक पतंग आहे. मी खालच्या प्लॅटफॉर्मवरून त्याच्याकडे बोट दाखवतो. माझ्या बोटावरून दिशा कळेल, अंतर नाही कळणार. पतंग जवळ असेल, नाहीतर पार खाडीवर असेल. त्याच क्षणी मित्राने वरच्या प्लॅटफॉर्मवरून बोट दाखवलं, तर आमच्या दोघांच्या बोटांच्या रेषा वाढवत नेल्यावर जिथे मिळतील तिथे पतंग. आम्ही दोघं नेमके कुठे उभे आहोत हे माहीत असलं की झालं.

कोर्टाच्या भोवती उंचावर असे दहा-बारा कॅमेरे लावलेले असतात. प्रत्येक जण म्हणतो, "मला चेंडू या दिशेला दिसतोय." त्या रेषांच्या भेटीतून चेंडूची जागा मिळते. पुढच्या चित्रात पुढची जागा. असे ठिपके जमले की त्यातून एक वक्र रेषा बसवायची, ती जमिनीला कुठे भेटते ते काढायचं आणि चेंडू किती चपटा होईल त्यानुसार डागाचा आकार ठरवायचा.

अ‍ॅनिमेशनवाल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. हाताने काढलेल्या सिनेमात मुख्य कलाकार महत्त्वाच्या पोझ काढतो, त्या की-फ्रेम. मधली चित्रं भरायचं काम दुसऱ्यांकडे जातं, त्याला इन-बिटवीन म्हणतात. इथे कॅमेऱ्यांनी दिलेले ठिपके म्हणजे की-फ्रेम, बाकीचं कॉम्प्युटरने भरलेलं. आणि ज्यावर पॉइंट ठरतो तो चेंडू टेकण्याचा क्षण बहुतेक वेळा त्या भरलेल्या भागातला असतो.

इथे मला दादासाहेब फाळके आठवतात. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, पैसा उभा करण्यासाठी त्यांनी एक छोटीशी फिल्म बनवली होती, वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची. थांबून थांबून एकेक फ्रेम घ्यायची आणि सगळ्या एकत्र चालवायच्या. पडद्यावर रोप भराभर वाढतं. अशी वाढ कोणी प्रत्यक्ष पाहिलेली नसते, पण त्यातली प्रत्येक फ्रेम खरी, फक्त मधला वेळ गाळलेला. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून हलवूनही फिल्म केली. तिथेही काडी खरी, फोटो खरा. टेनिसचा रिप्ले याच्या बरोबर उलट आहे: वेळ खरा, वेग खरा, आणि एकही फोटो नाही.

हॉक-आय ही सिस्टिम मुळात न्याय देण्यासाठी आलीच नव्हती. पॉल हॉकिन्स या ब्रिटिश इंजिनिअरची ही कल्पना, आणि २००१ मध्ये ती पहिल्यांदा टीव्हीवर दिसली ती क्रिकेटमध्ये, लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत. चॅनलला प्रेक्षकांसाठी भारी ग्राफिक हवं होतं, बस. टेनिसमध्ये गाडी पुढे गेली ती २००४ च्या यूएस ओपनमुळे. सेरेना विल्यम्स विरुद्ध जेनिफर कॅप्रियाती, क्वार्टरफायनल. सेरेनाविरुद्ध एकामागून एक चुकीचे निर्णय गेले, आणि घरी बसलेल्या माणसाला पंचापेक्षा जास्त कळतंय हे अख्ख्या जगाने पाहिलं. २००६ पासून खेळाडूंना चॅलेंज मिळाला. टीव्हीची सजावट थेट पंचाच्या खुर्चीत जाऊन बसली. २०११ मध्ये सोनीने कंपनी विकत घेतली.

आता माझा खरा मुद्दा. कोणत्याही मोजमापात थोडी चूक असते. हॉक-आयची सरासरी चूक ३.६ मिलिमीटर असा आकडा कंपनीकडूनच अनेक वर्षं दिला जायचा. नंतर तो आणखी कमी झाला, मान्य. पण सरासरी म्हणजे काही वेळा कमी आणि काही वेळा जास्त. मग स्क्रीनवर चेंडू एक मिलिमीटर आत दाखवला जातो तेव्हा प्रामाणिक उत्तर असतं, "बहुतेक आत." स्क्रीन मात्र 'बहुतेक' म्हणतच नाही. डागाची कड धारदार, रेषेची कड धारदार, मध्ये केसाएवढी फट, आणि स्टेडियममध्ये टाळ्या. २००७ च्या विम्बल्डन फायनलमध्ये नदालच्या चॅलेंजवर असाच केसाएवढा 'इन' आला आणि एरवी शांत असणारा फेडरर पंचाला म्हणाला की हे मशीन बंद करा. तो पाच सेटमध्ये जिंकला तरी, पण त्या दिवशीची त्याची चिडचिड मला अगदीच चुकीची वाटत नाही. पुढच्याच वर्षी कार्डिफ विद्यापीठाच्या हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स या दोघांनी पेपर लिहून हेच म्हटलं: चूक किती असू शकते तेही प्रेक्षकाला दाखवा.

क्रिकेटने हे काही प्रमाणात केलंय. आपल्याकडे डीआरएस म्हटलं की ३० मार्च २०११, मोहाली. सईद अजमलच्या चेंडूवर सचिन २३ वर पायचीत, इयन गूल्ड यांनी बोट वर केलं, रिव्ह्यूमध्ये चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जाताना दिसला आणि सचिन ८५ पर्यंत गेला. त्या एका चित्रावरून किती वर्षं भांडणं झाली! बीसीसीआयचा स्वतःचा या सिस्टिमवर विश्वास नव्हता. घरच्या कसोटी मालिकेत त्यांनी ती घेतली ती थेट २०१६ मध्ये. पण क्रिकेटमध्ये 'अंपायर्स कॉल' आहे. चेंडू स्टंपला अगदी काठावर लागणार असं दिसलं तर मशीन म्हणतं, माझी खात्री नाही, मैदानावरच्या माणसाचं मत राहू दे. लोक त्याला शिव्या घालतात. मला ती त्या खेळातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. हे खरं की क्रिकेटमध्ये पॅडला लागल्यावर पुढचा मार्ग अंदाजाने काढावा लागतो, आणि टेनिसमध्ये चेंडू खरोखर पडलेला असतो. म्हणून टेनिसची चूक कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही ना.

आता टेनिसमध्ये 'माणसाचं मत राहू दे' म्हणायला माणूसच उरला नाही. २०२५ पासून एटीपीच्या स्पर्धांमध्ये सगळीकडे मशीन आलं. त्याच वर्षी विम्बल्डननेही रेषापंच काढले. साधारण ८० जणांना मदतनीस म्हणून ठेवलं, बाकीचे घरी. आणि ६ जुलैला सेंटर कोर्टवर जे झालं ते बघण्यासारखं होतं. पावल्युचेन्कोवा विरुद्ध सोने कार्टल, पहिला सेट, ४-४. कार्टलचा बॅकहँड चांगलाच बाहेर पडला. टीव्हीच्या साध्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होतं. पण मशीनचा आवाज आलाच नाही, कारण कोर्टच्या त्या बाजूची सिस्टिम कोणीतरी चुकून बंद केली होती. पावल्युचेन्कोवा थांबली. पंचाने फोन केला आणि निकाल दिला, पॉइंट पुन्हा खेळा. तो गेम तिच्या हातून गेला. तिने पुढे मॅच जिंकली म्हणून प्रकरण निवळलं. म्हणजे बघा, खरी फिल्म समोर होती, पण कार्टून तयार झालं नव्हतं म्हणून निर्णय देता आला नाही! सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून सांगतो, सिस्टिम चुकली याचं मला आश्चर्य नाही. सिस्टिम गप्प बसल्यावर समोर दिसत असलेल्या गोष्टीवर निर्णय झाला नाही, याचं आहे.

झ्वेरेव्हने त्याआधी एप्रिलमध्ये माद्रिदला मातीच्या कोर्टवर चेंडूच्या खुणेचा चक्क आपल्या मोबाइलने फोटो काढला. खूण एक सांगत होती, मशीन दुसरं. त्याला ताकीद मिळाली. खरं तर मातीतली खूणही शंभर टक्के खरी नसते, चेंडू घसरतो, वरची माती सरकते. पण माणसाला डोळ्यांसमोरचं सोडून स्क्रीनवरचं खरं मानायला सांगणं सोपं नाही. फ्रेंच ओपनने २०२५ मध्येही रेषापंच ठेवले होते, ते मला आवडलं.

आपल्या इथे याचा काय संबंध? २०१८ मध्ये चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात बालेवाडीला आली, महाराष्ट्र ओपन म्हणून. २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमारने तिथे डबल्स जिंकली. २०२३ ची शेवटची, नंतर ती जागा हाँगकाँगला गेली. आपल्याकडच्या पंचासाठी मोठ्या खेळाडूंच्या मॅचमध्ये रेषेवर उभं राहणं ही खुर्चीकडे जाण्याची पायरी होती. आता स्पर्धाही गेली आणि पायरीही. पुण्या-सोलापूरकडे आयटीएफच्या छोट्या स्पर्धा होतात, तिथला निकाल मात्र अजून माणसाच्या डोळ्यांवर असतो. म्हणजे वर मशीन, खाली माणूस, आणि मधला जिना काढून घेतलेला.

एवढं सगळं बोलल्यावर तुम्हाला वाटेल की मला टेनिसमधलं अ‍ॅनिमेशनच नको आहे. उलट, माझी सध्याची आवडती टेनिस-फिल्म अ‍ॅनिमेटेडच आहे. ऑस्ट्रेलियन ओपनने यूट्यूबवर मॅचचं कार्टून दाखवायला सुरुवात केलीय, २०२५ मध्ये ते खूप गाजलं. मॅचच्या खऱ्या चित्रांचे हक्क चॅनल्सना विकलेले, त्यामुळे ती फुकट दाखवता येत नाहीत. मग यांनी काय केलं, १२ कॅमेऱ्यांनी खेळाडूच्या सांगाड्यातले २९ बिंदू टिपायचे आणि त्यावर व्हिडिओ गेममधल्यासारखी बाहुली चढवायची. साधारण दोन मिनिटं उशिरा येतं. कॉमेंट्री आणि आवाज खरे. अल्काराझचं मोठं डोकं, हात मध्येच वेडावाकडा वळतो, चेहऱ्यावर काही भाव नाहीत, पण धावण्याची ढब बरोब्बर त्याचीच!

गंमत म्हणजे आत माल तोच. कॅमेरे, ठिपके, वक्र रेषा, मधली भरलेली चित्रं. फरक एवढाच की ही बाहुली "मी कार्टून आहे" असं आधीच सांगून येते. तिचा हात कोपरातून उलटा वळला तर आपण हसतो. रेषेवरचा तो गुळगुळीत डाग उलटा वळला तर आपल्याला कळणारच नाही.

मशीन काढून टाका असं मी म्हणणार नाही, माणसाच्या डोळ्यापेक्षा ते नक्कीच बरं. मला फक्त डागाच्या कडेला एक धूसर पट्टा हवाय, चूक जेवढी असू शकते तेवढ्याच रुंदीचा. पट्टा रेषेला लागला तर 'इन' द्या, पण लिहा की जेमतेम. ग्राफिक बनवणाऱ्याला याला एक दिवस लागणार नाही.

जानेवारीत करून बघा. मेलबर्नचे सकाळचे ११ म्हणजे आपले पहाटे साडेपाच, लवकरची लोकल पकडणाऱ्यांना अगदी सोयीचं. एका फोनवर खरी मॅच, मित्राच्या फोनवर बाहुल्यांची, आणि क्लोज कॉल आला की तिन्ही चित्रं ताडून बघा: कॅमेऱ्याचं, बाहुलीचं आणि डागाचं. काय दिसलं ते व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाजवतो. आणि हो, टेनिसची मराठी कॉमेंट्री कोणी कुठे ऐकली असेल तर तेही कळवा, मी अजून ऐकलेली नाही. बाहुल्यांच्या मॅचवर आपणच करून टाकू म्हणतो.